टॉवेलच्या सुतात पाय अडकलेलं कावळ्याचं पिल्लू, आता सोडायचं कसं आणि कुठं?

लिंबाखालची:

नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. आम्ही सोलापूरचे, अशोक चौकाच्या पुढं आमचा छोटा कारखाना आहे, चार माग, टॉवेल निघतात. दारात मोठं लिंबाचं झाड आहे आणि त्याच्यावर दरवर्षी उन्हाळा संपत आला की कावळ्याचं घरटं ठरलेलं. यंदा वर बघितलं तर घरटं निम्मं काड्यांचं, तारांचं आणि निम्मं आमच्याच मागाखालच्या सुताचं, पांढरेनिळे धागे खाली लोंबत होते. तेव्हा मला ते बघून छान वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

मागच्या सोमवारी रात्री वळवाचा पाऊस झाला, वारंही जोरात होतं. मंगळवारी सकाळी कारखाना उघडायला गेलो तर झाडावर वीस-पंचवीस कावळ्यांचा नुसता कालवा. बघते तर एक पिल्लू घरट्याखाली उलटं लटकलेलं, एका पायाला सूत गुंडाळलेलं आणि सुताचं दुसरं टोक वर घरट्यात. फडफड करायचं, दमायचं, परत लोंबकळायचं. रात्रीपासून तसंच असणार. आमच्याकडं एक वयस्कर विणकर आहेत, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, ते डोक्याला जाड टॉवेल गुंडाळून शिडीवर चढले, कावळ्यांनी त्यांना चार-पाच वेळा टोचलं तरी धागा कापून पिल्लू खाली आणलंच.

पाय बघून पोटात कालवलं. सूत बोटांच्या बुडाशी इतकं रुतलं होतं की वरून दिसतच नव्हतं, फक्त एक लालसर खाच आणि तिच्या पुढची बोटं सुजून काळीनिळी. टॉवेलचं सूत सुटं असताना हातानं तुटतं पण त्याला पीळ बसला की सुरीसारखं होतं, हे मागावर काम करणाऱ्या कुणालाही माहीत आहे. अण्णांनी चिमट्यानं एकेक वेढा उचलला आणि मी नखं काढायच्या कात्रीनं कापत गेले. अकरा वेढे निघाले, मोजले. तेवढा वेळ पिल्लू अजिबात चावलं नाही, फक्त तोंड उघडून बघत होतं, आतून सगळं लालभडक.

आता नऊ दिवस झाले. पहिल्या दिवशी दूध-चपाती दिली तर पातळ शी झाली, मग उकडलेलं अंडं देतेय ते खातंय. सूज उतरली पण एक बोट काळंच आहे. एका पायावर जोर देऊन बसतं, खोलीतल्या खोलीत टेबलापर्यंत उडतं. सासूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या कावळा घरात आणत नाहीत, शनीचं वाहन आहे. पण तिसऱ्या दिवसापासून त्याच त्याला सकाळी अंडं कुस्करून द्यायला लागल्यात, "माझ्या सासऱ्यांच्या दहाव्याला दोन तास वाट बघायला लावली होती ह्यांनी, आता हे आपल्या दारात आलंय तर उपाशी कसं ठेवायचं" म्हणतात.

आणि अजून एक भानगड. मी पाखरं बघते हे कळल्यावर गल्लीतल्या एका मुलानं मोठा कावळा आणून दिला, कंबर तलावाजवळ रस्त्याकडेला सापडला होता म्हणे, पंधरा दिवस त्यांनी खाटेच्या पायाला दोरीनं बांधून ठेवलेला. त्याचा डावा पंख खाली लोंबतोय, उडत नाही. एका दवाखान्यात घेऊन गेले तर कावळा म्हटल्यावर त्यांनी दारातूनच परत पाठवलं.

तर प्रश्न असे की पिल्लाला कधी आणि कुठं सोडू, त्याचे आईबाप आता त्याला घेतील का, माणसाचा हात लागला की कावळे टोचून मारतात म्हणतात ते खरं का? आणि ह्या मोठ्याचं काय करू? उडता येत नसेल तर घरी ठेवला तर चालेल का, कुणी चांगले लोक असतील तर त्यांना देऊ का? प्लीज कुणाला अनुभव असेल तर सांगा.

होटगीरोडवाला:

ताई सगळ्यात आधी १९२६ ला फोन लावा, वनखात्याची हेल्पलाइन आहे, महाराष्ट्रात कुठूनही लागते. जखमी जंगली पाखरू हातात आलं तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलिस स्टेशनला किंवा वनखात्याला कळवायचं असं वन्यजीव कायद्यात आहे. तुमचे नऊ दिवस झालेत पण घाबरू नका, आज कळवा, फोटो आणि तारीख लिहून ठेवा.

आणि हो, पूर्वी कावळा १९७२ च्या कायद्यात पाचव्या यादीत होता, उंदीर-घुशींबरोबर उपद्रवी म्हणून. त्यामुळं अजून बरेच जण सांगतात की कावळ्याला कायदा नाही. ती यादीच २०२२ च्या दुरुस्तीत निघाली आणि १ एप्रिल २०२३ पासून नवीन कायदा लागू आहे. त्यामुळं मोठा कावळा घरी ठेवणं किंवा कुणाला परस्पर देणं दोन्ही करू नका, चांगल्या मनानं केलं तरी अडचणीत याल.

हिप्परग्याचा:

ताई, मी रिटायर्ड शिक्षक, हिप्परगा तलावाच्या बाजूला आमची थोडी शेती आहे, वीस-बावीस वर्षं पाखरं उचलतोय आणि सोडतोय. तुमचं वाचून आधी अण्णांना नमस्कार सांगा. वेढे ओढून न काढता एकेक कापून काढले हे लई चांगलं केलं, ओढलं असतं तर कातडी सोलून आली असती.

हाताच्या वासानं आईबाप टाकून देतात हे खरं नाही. कावळे वासावर चालतच नाहीत, डोळ्यावर आणि आवाजावर चालतात. पिल्लू खाली पडलं की गोळा होऊन आरडाओरडा करतात ते त्याला मारायला नाही, आपल्याला हाकलायला. आपल्याला वाटतं की बघा कावळे पिल्लाला टोचायला आलेत आणि आपण ते उचलून घरी आणतो, जूनमध्ये माझ्याकडं येणाऱ्या पिल्लांपैकी निम्म्याहून जास्त अशीच आईबापांच्या समोरून उचललेली असतात. त्यांना काहीही झालेलं नसतं. कावळ्याचं पिल्लू तीन-चार आठवड्यांनी घरट्याबाहेर पडतं तेव्हा त्याला नीट उडता येत नाही, काही दिवस ते खालच्या फांद्यांवर, भिंतीवर, कधी जमिनीवर असतं आणि आईबाप तिथं येऊन भरवतात. अंगभर पिसं आहेत, शेपूट आखूड आहे, डोळे निळसर राखाडी आहेत, तोंड आतून लाल आहे आणि दोन्ही पायांवर टुणटुण उड्या मारतंय, तर ते शिकायला बाहेर पडलंय असं समजायचं आणि मांजर-कुत्रं येणार नाही अशा फांदीवर उचलून ठेवायचं, बास. उघडंबोडकं असेल, रक्त असेल, मांजरानं धरलेलं असेल किंवा तुमच्यासारखं दोऱ्यात अडकलेलं असेल तरच घरी आणायचं.

मला जे मनापासून सांगायचंय ते हे की उचलायच्या वेळीच परत कुठं ठेवायचं ते डोक्यात पाहिजे. मी पहिल्या वर्षी एक पिल्लू वाचवलं, पोरांसारखं वाढवलं, हातावर बसायचं, शाळेत माझ्या मागं उडत यायचं. सगळ्या गावाला कौतुक. सहा महिन्यांनी ते कुणातरी अनोळखी माणसाच्या खांद्यावर जाऊन बसलं, त्यानं घाबरून काठी मारली. ते मेलं ते माझ्यामुळं मेलं असं मी आजही धरतो, कारण माणूस आला की उडून जायचं असतं हे त्याला शिकवायला त्याचा बाप होता आणि मी त्याच्या बापापासून त्याला तोडलं होतं. त्यामुळं तुमच्या पिल्लाला नाव ठेवू नका, त्याच्याशी बोलू नका, सासूबाईंनाही सांगा की अंडं ठेवायचं आणि बाजूला व्हायचं.

तुमच्या बाबतीत फार मोठी चांगली गोष्ट म्हंजे झाड तिथंच आहे आणि आईबाप तिथंच आहेत. उद्यापासून असं करा, जाळीचा पिंजरा घ्या, कोंबड्यांचा चालेल, त्यात पिल्लू ठेवून पहाटे सहाला लिंबाखाली उंच जागी ठेवा, शिडीवर किंवा पत्र्यावर, सावलीत. आणि तुम्ही आत जा. माग सुरू करा, रोजचं काम करा, फक्त पिंजऱ्याजवळ कुणी जायचं नाही. पिल्लू ओरडेल. नऊ दिवस झाले म्हणून आईबाप विसरले असतील असं धरू नका. ते आले आणि जाळीतून भरवलं तर तुमचं काम झालं, मग पाय बरा होईपर्यंत दिवसा झाडाखाली आणि रात्री घरात.

खायला नुसतं अंडं नको. अंडं टरफलासकट बारीक करून, भिजवलेले मांजराच्या खाद्याचे दाणे, शिजवलेली डाळ, नाकतोडे मिळाले तर उत्तम. नुसती चपाती-भाकरी किंवा नुसतं मटण यावर वाढवलेली पिल्लं मी बघितलीत, हाडं रबरासारखी वाकतात आणि पंखात पांढरे पट्टे येतात, ती पिसं मधूनच तुटतात. असं पाखरू पुढच्या पिसं बदलायच्या वेळेपर्यंत उडू शकत नाही, म्हंजे जवळजवळ वर्ष गेलं.

बार्शीकर पशुवैद्य:

मी मुख्यतः गाई-म्हशी बघतो पण पाखरंही येतात. काही गोष्टी घाईनं सांगतो.

दूध बंद केलंत ते बरोबर, पाखरांना दूध पचत नाही. पाणी चोचीत ओतू नका. पाखराच्या जिभेच्या मागंच श्वासनळीचं तोंड उघडं असतं, आपल्यासारखं झाकण नसतं, थेंब आत गेला की फुफ्फुसात. उन्हानं पडलेली पाखरं लोक बाटलीनं पाणी पाजून मारतात, आपल्याकडं ४२-४३ डिग्रीला मे महिन्यात हे रोज होतं. सावलीत खोक्यात ठेवा, शेजारी पसरट वाटीत पाणी, शुद्धीवर आलं की ते स्वतः पितं.

घरातली वेदनाशामक गोळी चुकूनही नाही. डायक्लोफेनॅकमुळं आपली गिधाडं संपली, जनावरांसाठी ते २००६ मध्ये बंद झालं, आणि लोक आजही घारीला माणसाची गोळी कुटून घालतात. वेदना कमी करायचं औषध पाखराच्या वजनावर डॉक्टरनंच ठरवायचं. मांजरानं नुसता दात लावला असेल आणि जखम टाचणीएवढी दिसत असेल तरी त्याच दिवशी अँटिबायोटिक लागतं, मांजराच्या तोंडातले जंतू एक-दोन दिवसांत पाखराला संपवतात, जखमेनं नाही मरत ते.

काळं बोट. त्याला हात लावू नका, वाळून आपोआप गळेल. पण उरलेला तळवा बघत राहा, कारण एका पायावर सगळं वजन टाकलं की चांगल्या पायाच्या तळव्याला फोड येऊन तो सडतो. पिंजऱ्यात गुळगुळीत पाइप ठेवू नका, लिंबाच्याच वेगवेगळ्या जाडीच्या फांद्या ठेवा, किंवा काथ्याची दोरी गुंडाळा.

मोठा कावळा मला आणून दाखवा किंवा जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात न्या, एक्स-रे पाहिजे. खोटी आशा लावत नाही. पाखराचं हाड आपल्यापेक्षा फार लवकर जुळतं, दोन-तीन आठवड्यांत, आणि ज्या स्थितीत असेल त्या स्थितीत जुळतं. पंधरा दिवस खाटेला बांधून होता म्हंजे वाकडं जुळायला सुरुवात झालेली असणार. मोडलेलं हाड सांध्यापासून लांब असतं आणि पहिल्या दोन दिवसांत पंख अंगाशी घडी करून पट्टीनं बांधला असता तर शक्यता चांगली होती. आणि ती पट्टीसुद्धा छातीवर आवळायची नाही, पाखराला आपल्यासारखा श्वासाचा पडदा नसतो, छाती हलली तरच श्वास चालतो, घट्ट पट्टीनं गुदमरून मेलेली कबुतरं माझ्या टेबलावर आलीत.

अजून एक, हे सगळ्यांनीच लक्षात ठेवा. एका जागी दोन-चार कावळे मेलेले दिसले, किंवा जिवंत आहे पण मान वाकडी करून गोल फिरतंय, तर हात लावायचा नाही, पोरांना लांब ठेवायचं आणि पशुसंवर्धन खात्याला कळवायचं. जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळे मेले ते बर्ड फ्लूनंच, मार्चमध्ये आपल्या सोलापुरातही तेच निघालं. एरवीही ग्लोव्हज घाला, घरच्या कोंबड्यांपासून लांब ठेवा.

साधा वाचक:

कुणाला राग येऊ नये पण कावळ्यासारख्या पाखरासाठी एवढं का? दर वर्षी शेकडो पिल्लं पडतात, निम्मी मरतात, हा निसर्गाचाच नियम आहे. आणि कावळे चिमण्यांची अंडी पळवतात ते वेगळंच. माळढोकसाठी केलं असतं तर समजू शकलो असतो, ते आपल्या नान्नजला संपत आलंय.

हिप्परग्याचा:

दादा, तुमचं म्हणणं मी समजून घेतो, कारण निरोगी पिल्लू उचलू नका हेच मीही वर सांगितलं. वाऱ्यानं पडलं, सापानं खाल्लं, तर मीही हात लावत नाही. पण टॉवेलचं सूत झाडाला लागत नाही. ते ह्या ताईंच्या, माझ्या, तुमच्या शहराच्या मागावरून गेलंय. मांजाचंही तसंच, २०१७ मध्ये हरित लवादानं नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली तरी शेतातल्या बाभळीवर मला आजही त्यात सुकलेला बगळा सापडतो. आपण बांधलेली गाठ आपण सोडायची एवढंच आहे ते.

माळढोकबद्दल तुम्हाला जे वाटतं ते मलाही वाटतं. मी तरुणपणी नान्नजच्या माळावर एका सकाळी सात माळढोक बघितलेत. तेव्हा ते संपतील असं वाटलं नव्हतं.

जुळेसोलापूर:

विषय निघालाच आहे तर विचारते, आमच्या सोसायटीत परवा कावळ्याचं म्हणून एक पिल्लू सापडलं, काळंकुट्ट, पण गळ्याला राखाडी अजिबात नाही. कावळेच भरवत होते. मैत्रीण म्हणते डोमकावळा आहे. सर ओळखू शकाल का?

हिप्परग्याचा:

पायाची बोटं बघा ताई. कावळ्याची तीन पुढं आणि एक मागं. दोन पुढं दोन मागं असतील तर ती कोकिळा आहे, कावळ्याच्या घरट्यात वाढलेली. अंगावर पांढरे ठिपके असतील तर मादी. तिलाही कावळेच भरवतात, म्हणून असेल तिथंच राहू द्या, आणि तिला पुढं फळं लागतात, वड-पिंपळाची, पपई चालते.

जुळेसोलापूर:

दोन पुढं दोन मागं!! आत्ता बघून आले. कुंडीमागं होतं, पेरूच्या झाडावर ठेवलं, दहा मिनिटांत कावळा आला भरवायला. अंगावर शहारा आला खरंच.

होटगीरोडवाला:

ह्या दिवसांत पाकोळ्या पण पडतात, स्टेशनजवळच्या जुन्या इमारतींखाली मला दोनदा मिळाल्यात. त्यांचे पाय इतके आखूड असतात की जमिनीवरून उठताच येत नाही, लोकांना वाटतं पंख मोडलाय. जखम नसेल तर तळहातावर ठेवून हात डोक्याच्या वर धरायचा आणि थांबायचं, फेकायचं नाही. थरथरते आणि मग सुटते.

लिंबाखालची:

सगळ्यांचे खूप खूप आभार, उशिरा लिहितेय कारण ह्या चार दिवसांत खूप काय काय झालं.

त्याच दिवशी १९२६ ला फोन केला, नोंद झाली, दुसऱ्या दिवशी वनरक्षक येऊन बघून गेले. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मोठ्या कावळ्याचा एक्स-रे काढला. कोपराच्या सांध्यातच मोडलंय आणि हाड जुळून सांधा आखडलाय, पंख अर्ध्याच्या वर उघडत नाही. तो कधीच उडणार नाही असं कळल्यावर मी खूप रडले, तसा तो माझा कोण, आठवड्याभराची ओळख, पण पंधरा दिवस आधी कुणी सांगितलं असतं तर हे मनातून जात नाही. ज्या मुलानं आणला त्याला मी काही बोलले नाही, त्यानं त्याच्या परीनं स्वतःच्या ताटातलं भरवून जगवलं होतं. त्याला फक्त दाखवलं की पंख घडी करून टॉवेलात कसा गुंडाळायचा आणि खोक्याला भोकं कुठं पाडायची. तो म्हणाला पुढच्या वेळी त्याच दिवशी आणतो.

वनरक्षकांशी बोलले तर ते म्हणाले न उडणाऱ्याचं काय करायचं ते खातं ठरवेल, पुण्याला बावधनला वनखात्याचं वन्यप्राण्यांचं उपचार केंद्र आहे तिथं विचारता येतं, नाहीतर कायमच्या पिंजऱ्यात इतर कावळ्यांबरोबर. मी विचारलं आमच्याकडंच राहिला तर? ते सरळ नाही म्हणाले, आणि नंतर मलाही पटलं. एकटा कावळा माणसांत ठेवायचा म्हंजे त्याला दिवसभर बोलायला कुणी नाही. काल ते त्याला घेऊन गेले. मी खोक्यात तळाला आमचा जुना टॉवेल घातला होता, कडा शिवून, एकही धागा सुटा न ठेवता.

आता पिल्लू. सरांनी सांगितल्यासारखं पहिल्या दिवशी सहाला पिंजरा शिडीवर ठेवला आणि आम्ही आत. पिल्लू ओरडायलंय, कावळे वर काव काव करायलेत, पण खाली कुणीच येत नाही. नऊ वाजले, दहा वाजले. मला वाटलं संपलं. अण्णा म्हणाले माग चालू करा, एवढी शांतता त्यांना सवयीची नाही. खरंच चारही माग सुरू केले, तो खडखडाट सुरू झाला आणि वीस मिनिटांत एक कावळा पत्र्यावर उतरला. इकडं तिकडं बघत बघत एकेक पाऊल. जाळीशी येऊन थांबला, मान वाकडी करून पिल्लाच्या पायाकडंच बघत होता असं मला वाटलं. मग गळ्यातून काहीतरी काढून जाळीतून त्याच्या लाल तोंडात घातलं. मी खिडकीच्या फटीतून बघत होते, मागून सासूबाई खांद्याला धरून उभ्या.

एक अडचण आहे. अण्णा आणि मी अंगणात आलो की ते दोघं कावळे डोक्यावर झेपावतात, बाकी कामगारांना काही करत नाहीत. चेहरा लक्षात ठेवलाय का?

बार्शीकर पशुवैद्य:

ठेवलाय. सिएटलच्या विद्यापीठात जॉन मार्झलफ यांनी हे करून बघितलंय, एक ठरावीक मुखवटा घालून कावळे पकडले आणि सोडले, नंतर तो मुखवटा घालून कुणीही फिरलं तरी कावळे अंगावर यायचे, ज्यांना पकडलं नव्हतं तेसुद्धा, कित्येक वर्षं. त्यांचा कावळा वेगळ्या जातीचा पण आपल्याकडं पाखरं उचलणारा प्रत्येक माणूस हे अंगावर घेतलेला असतो. पिल्लं मोठी झाली की कमी होतं. तोवर छत्री घेऊन जा, ओढणी-टोपी बदलून फसत नाहीत ते. पायाचं काय?

लिंबाखालची:

काळं बोट परवा गळालं, रक्त नाही आलं. तीन बोटांवर फांदी धरतंय. सोडायचं कधी ते कसं ठरवायचं सर? खोलीत तर या भिंतीवरून त्या भिंतीवर जातंय.

हिप्परग्याचा:

मोठ्या खोलीत किंवा कारखाना बंद असताना शेडमध्ये सोडून बघा. सरळ रेषेत जातं का, खालून वर उंची घेता येते का, आणि ठरवलेल्या जागी न धडकता उतरतं का, ह्या तीन गोष्टी. उडून आल्यावर चोच उघडी टाकून धापा टाकत असेल तर अजून चार दिवस. आणि अंगावर पाणी शिंपडून बघा, थेंब घरंगळले पाहिजेत, पिसं चिंब होत असतील तर पावसाच्या तोंडाला सोडायचं नाही.

सोडायचं ते तिथंच, त्याच लिंबावर. लोक प्रेमानं गाडीतून विजापूर रोडच्या वनविहारात नेऊन सोडतात की तिथं झाडी आहे म्हणून, पण तिथल्या कावळ्यांच्या लेखी ते परकं असतं, मारतात त्याला. पहाटे सोडा, आभाळ मोकळं असताना, म्हंजे अंधार पडायच्या आत त्याला अख्खा दिवस मिळतो. हातानं वर फेकू नका. पिंजऱ्याचं दार उघडा आणि आत जा.

लिंबाखालची:

शेडमध्ये उडवून बघितलं, धापा नाहीत, पाणी घरंगळतं. परवा दिवसभर आभाळ होतं म्हणून थांबलो. आज पहाटे पावणेसहाला दार उघडलं.

पंधरा मिनिटं ते बाहेरच आलं नाही. मग दाराच्या कडेवर येऊन बसलं, अधू पाय थोडा उचलून. वरून आई का बाप कोण ते माहीत नाही, एक आवाज आला, रोजचा काव काव नाही, घशातल्या घशात. ते उडालं ते थेट शेडच्या पत्र्यावर, घसरलं, सावरलं, परत उडालं आणि लिंबाच्या खालच्या फांदीवर. तिथं दोन्ही कावळे आले. आम्ही आठपर्यंत बघत होतो, ते एक एक फांदी करत वर गेलं, आणि घरट्याच्या फांदीवर पोचलं तेव्हा अण्णांनी टॉवेलानं तोंड पुसलं आणि माग चालू करायला आत गेले.

घरट्यातून लोंबणारं सूत अजून तसंच आहे. सर, पिल्लं घरटं सोडून गेली की ते काढून टाकलं तर चालेल ना? तोवर मागाखालचा सगळा वेस्ट आम्ही झाकणाच्या पिंपात भरायला लागलोय, शेजारच्या दोन कारखानदारांशी पण बोलले, एक तयार झालाय.

हिप्परग्याचा:

चालेल. पण ऑगस्ट संपेपर्यंत हात लावू नका, अजून कुणी अंडी घातली असतील. आणि काढाल तेव्हा नुसतं लोंबणारं सूत कापा, काड्या-तारा राहू द्या, पुढच्या वर्षी त्यातल्याच उचलून वापरतात. दुसऱ्या कारखानदाराचं मला सांगा, मी येतो एकदा, आपण मिळून बोलू.